टकल्या पिल्लांचा खटला

फालेतोआ, सवाई बेट
मंगळवार, ५ जून २०१८

फेतुआओताई,

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. गावात फोन लागतो तो फक्त पाळकसाहेबांच्या कुंपणावर चढल्यावर, आणि तिथे बोललेलं वाक्य मी घरी पोचायच्या आधी घरी पोचलेलं असतं. म्हणून हे पत्र बसवाल्या तावीताच्या हाती देतोय. तोही वाचेल, पण तो निदान आपियाला पोचेपर्यंत गप्प असतो.

ताई, गावात घोर अन्याय चाललाय! जुलैच्या अठ्ठावीसला नव्या चर्चचा अर्पणसोहळा आहे. पलीकडच्या उपोलू बेटावरून बडे पाहुणे येणार. म्हणून घराण्यांच्या प्रमुखांनी, सगळ्या मताईंनी, सभेत ठराव केला, की त्या दिवशी गावात अंगावर केस नसलेलं एकही कुत्रं दिसता कामा नये. दिसलं तर तरुणांनी ते मारून टाकावं, आणि मालकाने सभेला डुकरं द्यावीत.

गावात केस नसलेली कुत्री कुणाची? माझी. आपली पोपो व्याली, तिची पाचही पिल्लं खरजेने टकली झालीत. त्वचा उकडलेल्या तारोच्या कंदाच्या सालीसारखी. दिवसभर खाजवतात, खाजवता खाजवता कोलांटी खातात, उठतात, पुन्हा खाजवतात.

मी गप्प बसेन? वक्त्याची काठी टेकली, चवरी खांद्यावर टाकली आणि उभा राहिलो. विचारलं, आजारी पडणं हा गुन्हा कधीपासून झाला? ज्याच्या अंगावर केस नाहीत त्याला जगायचा हक्क नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? मग या सभेतले किती जण उरतील? इथे सगळ्यांनी थोरल्या मताईंकडे, लेफाओंकडे पाहिलं. त्यांचं डोकं तुला माहीत आहेच, त्यात छपराचे वासे दिसतात. ते एवढंच म्हणाले, "उएलेसे, तोवर केस उगवले तर राहू देत. नाही उगवले तर नाही."

मी भर सभेत शपथ घेतली, उगवतील!

आता उगवायचे कसे, ते तू सांग. तू जनावरांच्या दवाखान्यात काम करतेस. तावीता म्हणतो, बसच्या इंजिनाचं जळकं तेल चोळ. दोघांना चोळलंय.

गैरसमज नको. मला कुत्र्यांचा लळा नाही, मी त्यांना हातही लावत नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

तुझा भाऊ,
उएलेसे


आपिया
शुक्रवार, ८ जून

उएलेसे,

जळकं तेल?

आधी उठ. हे पत्र खाली ठेव, भांड्यांचा साबण घे आणि त्या दोन पिल्लांना धू. धुतलंस? आता पुढे वाच. त्या तेलाने खरूज जात नाही, पिल्लू मात्र जातं. ते अंग चाटतं आणि विष पोटात जातं. रॉकेलही नाही. ब्लीचही नाही. तावीताने सुचवलेलं काहीच नाही.

आमच्या डॉक्टरीणबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. (भाषणाचा भाग गाळून. रांगेत अजून तीन मांजरं होती.) त्या म्हणाल्या, डोळ्यांना न दिसणारे किडे कातडीत बिळं करून राहतात, त्यांची ही खरूज. शाप नाही, खाण्यातला दोष नाही. सोबत गंधकाच्या पिवळ्या औषधाची बाटली पाठवते. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे, जास्त नाही. पिल्लांना त्या पाण्याने नखशिखान्त भिजव, डोळे सांभाळून. नंतर धुवायचं नाही, पुसायचं नाही. सावलीत वाळू दे आणि वाळेपर्यंत चाटू देऊ नको. दर पाच-सहा दिवसांनी एकदा, असं सहा वेळा. पोपोलाही भिजव, नाहीतर पिल्लं बरी होतील आणि आई पुन्हा किडे देईल. त्यांच्या चटया गरम पाण्यात उकळ.

सडक्या अंड्यांसारखा वास येईल. येऊ दे.

बाटली एकच आहे आणि ती फक्त कुत्र्यांसाठी आहे. हे वाक्य पुन्हा वाच. आणि देवाशपथ, तिच्यावर भाषण करू नको.

फेतुआओ


फालेतोआ
बुधवार, १३ जून

ताई,

बाटली मिळाली. तू रागावशील म्हणून आधीच सांगतो, यात माझा दोष नाही.

तावीताने बस थेट सभेच्या घरासमोर थांबवली. आत सगळे मताई बसलेले. हा खिडकीतून ओरडतो, "उएलेसे, शहरातून खोका आलाय!" आता तूच सांग. सगळ्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत आलेला खोका बगलेत मारून मी घरी जाऊ? आपल्या घराण्यात असं कुणी केलंय? आलेली वस्तू सभेपुढे ठेवायची आणि मानाप्रमाणे वाटायची, ही रीत तुझ्यामाझ्या आजोबांच्याही आधीची.

ठेवली. आणि वस्तू पुढे ठेवल्यावर चार शब्द बोलावेच लागतात. अगदी थोडक्यात बोललो. पाऊण तास. म्हणालो, काळाने जे हिरावून नेलं ते परत आणणारं हे औषध आहे. उजाड जागी रान उगवावं तसे केस उगवतील. पिल्लांबद्दलच बोलत होतो गं! पण माझ्या बोलण्याला एक उंची असते, तिथून पिल्लं जरा लहान दिसतात.

पहिला वाटा पाळकसाहेबांना गेला. त्यांनी त्यावर प्रार्थनाही म्हटली. दुसरा लेफाओंना, त्यांनी नारळाची करवंटीच पुढे केली. तिसरा महिला मंडळाला. मग इतर मताई, आपापल्या मानाने. पिल्लांच्या वाट्याला बाटलीच्या तळाचं उरलं. त्यात सगळ्यांचं एकदा भिजवून झालं. पाचही आता पिवळीधमक दिसतात आणि एकमेकांच्या वासाने शिंकतात.

पोपोपर्यंत औषध पुरलं नाही. दुसरी बाटली लगेच पाठव, गुपचूप. पाच पिल्लांचा जीव त्यात अडकलाय आणि माझा शब्दही.

उएलेसे

ता. क. मोली फार कुंकूं करते. औषध झोंबतं का?


आपिया
शनिवार, १६ जून

गाढवा,

हे पत्र बोचक्याच्या आत घालतेय, म्हणजे तावीताला वाचता येणार नाही.

आधी गावभर सांग, ज्याने कुणी ते औषध तसंच्या तसं टाळूला चोळलं असेल त्याने आत्ता साबणाने डोकं धुवावं. पाणी न घालता लावलं तर कातडी भाजते. माणसाचे केस त्याने येत नाहीत. आले असते तर आमचे दवाखान्याचे मालक टोपी घालून फिरले नसते.

दुसरी बाटली पाठवतेय. ती माझ्या जुन्या परकरांत गुंडाळलीय, वरून दोरीने बांधून "फेतुआओचे कपडे" असं लिहिलंय. आता बघते कुठला मताई वाटा मागतो ते! बायकांच्या परकरांवर कुणी भाषण करत नाही, तूही करणार नाहीस.

आज आली की आजच भिजव, पोपोला सुद्धा. औषध किंचित झोंबतं, पण खरूज त्याहून जास्त झोंबते.

आणि ही मोली कोण? तू तर हात लावत नाहीस. नाव कुणी ठेवलं?

फेतुआओ


फालेतोआ
रविवार, २४ जून

ताई,

मी औषध मागितलं आणि तू परकर पाठवलेस.

रागाने लिहीत नाही, दुःखाने लिहितो. भावाने संकटात हाक मारली आणि बहिणीने जुने कपडे धाडले, असं उदाहरण मी पुष्कळ वाचन करूनही कुठे वाचलेलं नाही. तुझ्या मनात काही गूढ अर्थ असेल. बहिणीच्या कपड्यांना भावाने हात लावायचा नसतो, एवढं मला अजून कळतं, म्हणून तावीतालाच ते बोचकं मधल्या तुळईला अडकवायला लावलं. खाली बसून मी रोज त्याच्याकडे बघतो आणि विचार करतो, हिला म्हणायचंय काय?

इकडे पिल्लांचं खाजवणं पुन्हा वाढलंय. सर्वांत धाकटी तर कोलांटी खायलाही उठत नाही.

गावाचं मात्र औषधाने चांगभलं झालंय. आज लेफाओ चर्चमध्ये आले ते डोकं पिवळं करून, पहिल्या बाकावर. खिडक्या बंद, कारण वारा सुटलेला. पाळकसाहेबांचा विषय योगायोगाने सदोम आणि गमोरा, ती दोन पापी शहरं. "आणि परमेश्वराने आकाशातून गंधक वर्षविला," असं ते म्हणाले आणि त्याच क्षणी वास मागच्या बाकांपर्यंत पोचला. बायका रडायला लागल्या. तिघांनी उभं राहून पापं कबूल केली. त्यातल्या एकाने माझी कोंबडी कुठे गेली तेही सांगितलं. पाळकसाहेबांचं म्हणणं, तीस वर्षांत असा परिणाम झाला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या टाळूचा वास त्यांना येतो की नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

यंदा डास फार. माझं पोट आणि दोन्ही हात खाजून लाल झालेत. बाकी मी ठीक.

तुझ्या उत्तराची वाट बघणारा, पण परकरांची नव्हे,
उएलेसे


आपिया
बुधवार, २७ जून

उएलेसे,

हे पत्र उघडं पाठवतेय. तावीता, तू वाचत असशील तर तूच जाऊन त्याला सांग: बाटली परकरांत आहे!

बाटली. परकरांत. आहे.

तू हात लावणार नाहीस हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. जगात एकच रीत धड पाळलीस, तीही चुकीच्या आठवड्यात. पाळकीणबाईंना बोलाव, सुलामी तशी सोशिक आहे. तिला बोचकं सोडायला सांग. तू हवं तर डोळे मिट.

आता दुसरी गोष्ट. डास कमरेच्या लावालावाच्या आत शिरून फक्त पोटाला चावतात होय? उएलेसे, मी रोज अशी माणसं बघते. पिल्लाच्या अंगावरचे हे किडे त्याला मांडीवर घेणाऱ्याच्या अंगावर येतात आणि नेमके हातांना नि पोटाला चावतात. माणसाच्या कातडीत त्यांचा संसार टिकत नाही. पिल्लं बरी झाली, चटया-चादरी उकळल्या की तुझी खाजही जाईल. फार दिवस राहिली तर माणसांच्या दवाखान्यात जा.

तेव्हा तत्त्वाचा प्रश्न बाजूला ठेव आणि मला सांग, पोटावर कोण झोपतं?

फेतुआओ


फालेतोआ
गुरुवार, १२ जुलै

ताई,

मोली.

पाऊस होता, गार वारा होता, ती थरथरत होती. अंगावर केसच नाहीत तर थंडी वाजणारच ना? एकदाच घेतलं. मग तिला सवय झाली. मला नाही, तिला.

सुलामीबाईंनी बोचकं सोडलं. मी घराबाहेर माडाकडे तोंड करून उभा होतो. त्या आतून ओरडल्या, "उएलेसे, बाटलीबरोबर तुम्हाला गाढव म्हणणारं पत्रही आहे, ते मोठ्याने वाचू का?" वाचलं त्यांनी. सगळ्या शेजाराने ऐकलं. औषध पाणी न घालता डोक्याला लावलेले लोक धुवायला पळाले, म्हणजे त्याचा उपयोग झाला.

तेव्हापासून चुकवलं नाही. भिजवतो, सावलीत बसवतो आणि वाळेपर्यंत चाटू नयेत म्हणून त्यांच्याशी बोलत बसतो. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारे गावात हेच. पोपोही भिजते. माझी खाज गेली. चार पिल्लांना मऊ लव आली, तांबूस, अगदी छान.

पण मोलीला नाही. खाजवत नाही, खाते, उड्या मारते, दुपारभर कुठेतरी उंडारून येते. पण अंगावर एक केस नाही. परवा हाताला काहीतरी लागलं म्हणून आनंदाने उजेडात नेलं, तर ते माझ्याच हातावरचे केस होते.

अर्पणाआधी सभा पिल्लं बघणार आहे, पुढच्या शनिवारी, एकवीसला. लेफाओंनी शब्द दिला तो केसांवर दिला. चार वाचतील. ताई, तिला मारतील गं. मी तीनदा भाषण लिहायला बसलो. एकही वाक्य सुचत नाही. असं मला कधी झालेलं नाही.

काय बोलू, सांग.

उएलेसे


आपिया
सोमवार, १६ जुलै

उएलेसे,

डॉक्टरीणबाईंना विचारलं. खाजवत नाही, खाते, खेळते, कातडी मऊ झालीय, म्हणजे किडे मेले. ती बरी आहे. केस काही पिल्लांना उशिरा येतात, महिना लागेल, दोन लागतील. त्याला औषध नाही. वाट बघणं हेच औषध.

तू विचारलंस म्हणून सांगते, आणि मोठी बहीण म्हणून सांगते. माझा शब्द तुला मोडता येत नाही, हे ध्यानात घेऊन वाच. त्या सभेत तू एकच वाक्य बोलायचं. फक्त खरं आणि सरळ. दुसरं वाक्य काढलंस तर मला बहीण म्हणू नकोस.

तुझी भाषणं मी लहानपणापासून ऐकतेय. लोक त्यात हरवतात रे. तू पिल्लांबद्दल बोलतोस आणि ते आपल्या टकलाबद्दल ऐकतात. या वेळी त्यांना हरवायला जागा ठेवू नको.

मोलीला सांग, आत्या विचारत होती.

फेतुआओ


फालेतोआ
रविवार, २९ जुलै

ताई,

सगळं झालं. क्रमाने सांगतो.

सभेच्या दिवशी सगळे मताई आपापल्या खांबाशी मांडी घालून बसले. मी उठलो तेव्हा प्रत्येकाने चटई ठाकठीक केली, एकाने उशी मागवली, समोरच्या वक्त्याने उत्तरासाठी घसा साफ केला. पिल्लं मधोमध ठेवली. मी म्हणालो, "ही पाचही बरी झालीत, एकीचे केस यायचे बाकी आहेत."

आणि बसलो.

कुणाला काही कळेना. "पुढे?" एकाने विचारलं. मी मान हलवली. "बरं वाटत नाही का तुला?" दुसऱ्याने विचारलं. समोरच्या वक्त्याने उत्तर तयार केलं होतं माझ्या तासाभराच्या भाषणाला. एका वाक्याला काय उत्तर देणार? त्याने पुन्हा घसा साफ केला आणि चवरी खाली ठेवली.

तेवढ्यात मोली उठली. तिने इकडेतिकडे पाहिलंही नाही. माझ्याकडेही नाही, हे मला थोडं लागलं. ती सरळ चालत लेफाओंच्या खांबाशी गेली, त्यांच्या मांडीवर चढली, दोनदा गोल फिरली आणि पोटाला पाठ लावून झोपली. नवख्या जागी कुणी असं झोपत नाही, ताई.

लेफाओ छपराकडे बघत राहिले. मग त्यांचा हात हळूच पोटाकडे गेला आणि खरखर असा आवाज आला. त्यांच्या चटया कुठे कुणी उकळल्या होत्या? त्यांच्या शेजारचे मताई पोरासारखे फिदकन हसले. लेफाओंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, तसं त्यांचं हसू तिथेच थांबलं.

"डोक्याला मी काही लावलं नव्हतं," लेफाओ म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "दुपारची येते ही माझ्याकडे. माझ्या वाट्याचं औषध मी हिलाच लावलं. पाणी किती घालायचं ते तुझ्या त्या लांबलचक भाषणात नव्हतं, उएलेसे, म्हणून मी बादलीभर घातलं. ही अंग झटकते, ते डोक्यावर उडतं." मग आवाज चढवून, "इथे केस नसलेलं कुत्रं कुणाला दिसतंय का?"

कुणालाच दिसलं नाही. ठराव तसाच राहिला, शब्द न् शब्द. फक्त ज्याला लागू होईल असं कुत्रं गावात उरलं नाही.

मी तेव्हाच सुटलो असं वाटलं. नाही सुटलो.

काल अर्पण झालं. पाहुणे आले, डुकरं भाजली, नारळाच्या दुधातलं पालुसामी झालं. जेवणानंतर पाहुण्यांचे थोरले मताई लेफाओंच्या शेजारी बसले आणि त्यांना मांडीवर मोली दिसली. अंगावर एक केस नाही, तेल चोळल्यासारखी चमकणारी, आणि भर समारंभात थोरल्यांच्या मांडीवर. त्यांना वाटलं, ही परदेशातली कुठलीतरी दुर्मीळ जात. म्हणाले, "काय सुंदर जनावर आहे हे! असं मी आयुष्यात पाहिलं नाही."

आता पाहुण्याने अशी स्तुती केली की ती वस्तू त्याच्या हाती द्यायची. नाही म्हणायची सोय नाही, तुला माहीत आहे. लेफाओंचा चेहरा उकडलेल्या तारोसारखा झाला. द्यावी तर मोली जाते, न द्यावी तर गावाची अब्रू जाते. पाहुण्यांनी हातही पुढे केला होता.

लेफाओ माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "उएलेसे, देणगी देण्याआधी चार शब्द बोलावे लागतात. बोल."

ताई, तुझी एका वाक्याची आज्ञा त्या सभेपुरती होती ना? मी तशी धरली.

काठी टेकली, चवरी खांद्यावर टाकली. पाहुण्यांच्या पहिल्या पूर्वजापासून सुरुवात केली. त्यांची होडी कुठून निघाली, वाटेत कुठली वादळं लागली, कुठल्या ताऱ्यांनी वाट दाखवली, काही सोडलं नाही. तिसऱ्या पिढीला पोचलो तेव्हा पाहुण्यांच्या वक्त्याने घड्याळ पाहिलं. शेवटची फेरीबोट संध्याकाळची. नवव्या पिढीला त्यांच्या बायका टोपल्या भरू लागल्या. तावीताने बस सुरू करून भोंगा वाजवला. भाषण चालू असताना वक्त्याला तोडता येत नाही, आणि दान बोलून संपल्याशिवाय घेता येत नाही. पाहुणे बिचारे एक पाय चपलेत घालून ऐकत उभे. अखेर त्यांच्या थोरल्यांनी हात जोडले, "राहू द्या, राहू द्या, पुढच्या खेपेला नेऊ," आणि सगळे लावालावा सावरत बसकडे धावले.

मी बाराव्या पिढीत होतो. बस हलली तसा थांबलो आणि श्वास घेतला.

लेफाओंनी मोलीवर हात ठेवला, रस्त्याकडे मान उंचावून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अजून थोडं बोल. बस वळण घेऊ दे."

तुझा भाऊ,
उएलेसे